सह्याद्रीतले सुतारपक्षी: ओळख पटेल असा फोटो कसा काढावा

पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो दर आठवड्याला हमखास येतो. सोनेरी पाठ, लाल तुरा, चोच झाडात खुपसलेली, आणि खाली प्रश्न: "हा कोणता सुतार?" फोटो बहुतेक वेळा छान असतो, उजेडही चांगला असतो. पण उत्तर देता येत नाही, कारण ज्या दोन-तीन जागा पाहून जात ठरते त्या फोटोत आलेल्याच नसतात. मान खोडाआड, कंबर पंखाखाली, चेहरा पलीकडे वळलेला.

सुतारांच्या बाबतीत देखणा फोटो आणि ओळख पटवणारा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच क्लिकमध्ये क्वचितच मिळतात. म्हणून आधी ओळखीचे फोटो घ्यायचे, देखण्याच्या मागे नंतर लागायचं. हा क्रम अंगवळणी पडला की निम्मी डोकेदुखी संपते. हा लेख सह्याद्री आणि महाराष्ट्राच्या पानझडी जंगलांत नव्याने सुतार शोधू लागलेल्यांसाठी आहे.

१. सुतार कोण नाही, ते आधी पाहा

सगळ्यात मोठी गल्लत हुदहुदबद्दल होते. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब बाकदार चोच, अंगणात टुकटुक चालत मातीत चोच खुपसणारा हा पक्षी कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या "सुतारपक्षी" म्हणून दाखवला जातो. तो सुतार नाही. हुदहुद खोडावर चढत नाही आणि लाकूड फोडत नाही. सुताराची चोच सरळ असते, पटाशीसारखी.

दुसरी गल्लत कानाची. उन्हाळ्यात दुपारभर येणारा "टुक्... टुक्... टुक्..." हा आवाज तांबटाचा. तो लाकडावर मारल्याचा आवाज नसून पक्ष्याच्या गळ्यातून निघतो आणि एकाच लयीत मिनिटंच्या मिनिटं चालतो. तांबट आणि कुटुरगा स्वतः ढोली कोरतात, त्यामुळे संशय वाढतो. पण त्यांची चोच जाड आणि आखूड असते, चोचीच्या मुळाशी राठ केस असतात आणि शेपटी खोडाला टेकवून ते चढत जात नाहीत.

तिसरा नटहॅच. निळसर, छोटा, खोडावरून सरसर फिरणारा. तो डोकं खाली करून उतरतो, सुतार तसं करत नाही. सुतार वर चढतो, आणि खाली यायचंच झालं तर डोकं वर ठेवून मागे मागे सरकतो. ही एक खूण पन्नास मीटरवरूनही कळते.

सुताराची रचनाच या चढण्यासाठी आहे. बहुतेक जातींच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. शेपटीची पिसं कडक असतात आणि ती तिसऱ्या पायासारखी खोडाला टेकतात. अपवाद पिक्युलेटचा. सह्याद्रीत बांबूच्या बेटांत ठिपकेवाला पिक्युलेट दिसतो, जेमतेम १० सेंटिमीटरचा. त्याची शेपटी मऊ असते, ती टेकवण्याच्या उपयोगाची नाही, म्हणून तो बारीक काटक्यांवर लटकत फिरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सुतारांच्या कुळातला वाटतच नाही.

२. बरोबर काय घ्यायचं

- दुर्बीण, ८×४२ किंवा जवळपासची. कॅमेऱ्याआधी हिची गरज आहे.
- ३०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स, किंवा लांब झूमचा ब्रिज कॅमेरा. ओळखीच्या फोटोसाठी ब्रिज कॅमेरा पुरेसा आहे. लेन्स मोठी नाही म्हणून थांबू नका.
- मोनोपॉड. मान वर करून दहा मिनिटं कॅमेरा धरला की हात थरथरतातच. घनदाट रानात ट्रायपॉड मात्र अडचणच करतो.
- वही-पेन्सिल. कारण पुढे येईलच.
- फोनमध्ये मर्लिन (पक्षी ओळखायला) आणि ईबर्ड (नोंदी ठेवायला) ही ॲप, भारताची माहिती आधीच डाउनलोड केलेली. रानात रेंज मिळेल असं धरून चालू नका.
- मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पँट मोज्यांत खोचता येईल असे लांब मोजे. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नडच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत गोचिडींपासून माकडतापाचा धोका असतो. सुतार पाहायला उत्तम काळही तोच. परतल्यावर अंग नीट तपासा.
- अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात जाणार असाल तर सरकारी ओळखपत्र, प्रवेशाचा परवाना आणि कॅमेऱ्याची पावती. कॅमेऱ्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं आणि ते गेटवरच भरावं लागतं. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचे गाभा भाग बंद असतात, तेव्हा तारखा आधी बघा.

३. कधी आणि कुठे

महाराष्ट्रात सुतारांसाठी माझा आवडता काळ जानेवारीअखेर ते एप्रिल. पानझडी रानात पानं गळलेली असतात, खोडं उघडी पडतात. विणीचा हंगाम सुरू होत असतो, त्यामुळे पक्षी बोलका असतो आणि ड्रमिंगही, म्हणजे पोकळ लाकडावर चोचीने ढोल बडवणंही, जोरात चालतं. शिवाय सावर, पळस, पांगारा फुललेले असतात. सुतार फक्त किडे-मुंग्यांवर जगतो असा समज आहे, पण सावरीच्या फुलांतला रस प्यायला तोही येतो. फुललेल्या सावरीखाली सकाळी सात ते दहा शांत बसणं हा नवख्यासाठी सर्वांत सोपा मार्ग. पक्षी तुमच्याकडे येतो, तुम्हाला त्याच्यामागे धावावं लागत नाही.

झाड निवडताना हिरवंगार, तजेलदार झाड सोडा. वठलेली फांदी, साल सुटलेलं खोड, वाळवी लागलेला बुंधा शोधा. खोडाच्या पायथ्याशी ताज्या, फिकट रंगाच्या ढलप्या पडलेल्या दिसल्या तर वर नक्की कुणीतरी काम करत होतं. ढलप्या काळवंडलेल्या असतील तर ते काम जुनं.

जातीप्रमाणे जागा बदलते. मराठा सुतार आणि सोनपाठी सुतार माळरानाच्या कडेला, शेतांच्या बांधावर, शहरातल्या जुन्या वृक्षांवरही भेटतात. हृदयांकित सुतार आणि पिवळ्या तुऱ्याचा हिरवा सुतार यांच्यासाठी दाट, ओलसर रान हवं. पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार पाहायचा तर गोवा आणि दांडेलीच्या बाजूची उंच झाडांची जंगलं गाठावी लागतात.

सदाहरित पट्ट्यात आणखी एक युक्ती चालते: मिश्र थवा शोधा. निखार, नटहॅच, वटवटे असे बरेच पक्षी एकत्र पुढे सरकत असतील तर त्यात एखादा छोटा सुतार असतोच, आणि भृंगराज कोतवालाचा आवाज आला तर आजूबाजूची खोडं नीट पाहा. सुताराने साल उचकटल्यावर उडणारे किडे टिपायला भृंगराज त्याच्या मागे मागे असतो.

४. कानाने शोधा

सुताराचे तीन आवाज वेगळे करायला शिका.

पहिला म्हणजे खाण्यासाठीची टकटक. अनियमित, हळू, मध्ये थांबे. हा आवाज जातीविषयी फारसं काही सांगत नाही, पण पक्षी स्थिर आहे आणि तुमच्या हातात वेळ आहे एवढं नक्की सांगतो.

दुसरा ड्रमिंग. हे खाण्यासाठी नसतं, हद्द जाहीर करण्यासाठी आणि जोडीदारासाठी असतं. पोकळ, घुमणारी फांदी निवडून केलेला हा झपाट्याचा मारा असतो, अनेक जातींत सेकंदाला १५ ते २० वार. त्याची लय जातीनुसार बदलते. तांबूस सुताराची लय एकदा ऐकली की विसरत नाही: सुरुवात वेगात आणि मग बंद पडत जाणाऱ्या मोटरसायकलच्या इंजिनासारखी अडखळत संपते. फोटो न मिळाला तरी या एका आवाजावर मी त्याची नोंद निःशंकपणे करतो.

तिसरी हाक. सोनपाठी उडता उडता खिंकाळल्यासारखा मोठ्याने हसतो. पिटुकला तपकिरी डोक्याचा सुतार बारीक, थरथरता सूर लावतो. तांबूस सुताराची हाक नाकातून आल्यासारखी, "कीं-कीं-कीं", साळुंकीची आठवण करून देणारी.

मर्लिनची आवाज ओळखण्याची सोय हाकांसाठी वापरा, पण फक्त दिशा मिळावी म्हणून. ॲपने नाव दाखवलं म्हणजे ओळख झाली असं समजून नोंद करू नका. आणि फोनवर हाक वाजवून पक्ष्याला बोलावणं हंगामात पूर्ण टाळा. आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून तो चारा शोधणं आणि पिल्लांकडे बघणं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

५. जवळ जाताना

सुताराची एक सवय नवख्याला फार छळते. माणूस दिसला की तो उडत नाही, शांतपणे खोडाच्या पलीकडे सरकतो. तुम्ही झाडाला वळसा घातला की तोही तेवढाच सरकतो. अशी प्रदक्षिणा तासभर चालू शकते.

वळसा घालू नका. जिथे आहात तिथेच थांबा, शक्य तर एखाद्या बुंध्याला टेकून, आणि कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेवा. तो पलीकडे सरकला त्या जागेपेक्षा तीन-चार फूट वर नजर ठेवा, कारण सरकतानाही तो चढत असतो. डोकं आधी बाहेर येतं. बरोबर कुणी असेल तर त्यांना सावकाश दुसऱ्या बाजूने चालू द्या. पक्षी आपोआप तुमच्या बाजूला येतो. पण हे एकदाच करा, त्याला दोघांमध्ये कोंडू नका.

उडण्याआधी तो सहसा सूचना देतो. टोचणं थांबतं, मान ताणली जाते, शरीर खोडापासून किंचित सुटतं. उडताना सुतार लाटेसारखा जातो: चार-सहा फडके, मग पंख मिटून खाली झोका, पुन्हा फडके. पुढच्या झाडावर तो बऱ्याचदा खालच्या भागात उतरतो आणि परत वर चढू लागतो. म्हणजे तो गेला म्हणून कॅमेरा खाली करायचं कारण नाही. पुढच्या झाडाचा बुंधा बघा.

६. कॅमेऱ्याची जुळणी

शटर. नुसता बसलेला पक्षी १/५०० सेकंदाला स्पष्ट येतो. टोचत असेल तर १/२००० हवं. ड्रमिंगमध्ये डोकं गोठवायचं तर १/३२०० किंवा त्याहून जलद, आणि रानातल्या उजेडात ते क्वचितच जमतं. त्यामुळे ड्रमिंगच्या वेळी डोकं थोडं अस्पष्ट आलं तर वाईट वाटून घेऊ नका, पाठ आणि कंबर स्पष्ट आली तरी ओळखीचं काम होतं.

वेळ साधणं मात्र शटरपेक्षा महत्त्वाचं. प्रत्येक वाराच्या आधी सुतार डोळ्यावरची पातळ आतली पापणी मिटतो, त्यामुळे चोच लाकडावर असतानाच्या फोटोत डोळा पांढुरका, निर्जीव दिसतो. डोकं मागे खेचलेलं असतं तेव्हा डोळा उघडा असतो आणि क्षणभर हालचालही मंदावते. सलग फोटो घ्या आणि त्यातला मागच्या टोकाचा निवडा.

मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह होतो, कारण आवाज नसतो. बसलेल्या पक्ष्यासाठी ते उत्तम. पण बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतात, त्यामुळे वेगात हलणारी चोच वाकडी उमटू शकते. सुताराच्या ओळखीत चोचीची लांबी आणि आकार मोजला जातो, तेव्हा टोचत्या पक्ष्यासाठी यांत्रिक शटर वापरा.

फोकस. डोळा ओळखणारी सोय खोडाच्या सालीवरल्या काळ्या डागांना हमखास फसते. एकच बिंदू निवडा आणि तो मानेवर किंवा डोळ्यावर ठेवा. छिद्र एफ ५.६ ते एफ ८. पक्षी खोडाला समांतर, आडवा दिसत असेल तर एफ ५.६ पुरतं.

उजेड. इथे दोन उलट अडचणी येतात. वरच्या फांदीवर, उजळ आकाशापुढे बसलेला सुतार काळी सावली होऊन येतो; तिथे एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट, गडद रानात कवडसा पडलेल्या काळ्या-पांढऱ्या सुताराचं पांढरं जळून जातं आणि मानेवरल्या रेषा नाहीशा होतात. तिथे अर्धा ते एक स्टॉप कमी करा. शंका असेल तर पांढरं वाचवा. जळलेलं पांढरं नंतर परत मिळत नाही. फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा.

७. आधी हे चार फोटो

पक्षी सापडला की रचना, पार्श्वभूमी, फुलं काही बघू नका. आधी या चार जागा टिपा, कशाही येवोत:

१. चेहरा बाजूने: डोळ्याचा रंग, डोळ्यामागची पट्टी, मिशीची रेषा (चोचीपासून गालावर जाणारी), चोचीची लांबी.
२. डोक्याचा माथा आणि मानेची मागची बाजू. नर-मादी इथे ठरतात, आणि काही जातीही.
३. पाठ आणि कंबर, म्हणजे शेपटीच्या लगेच वरचा भाग. हा पंखांखाली झाकलेला असतो. पक्षी पंख ताणतो, अंग साफ करतो किंवा उडतो तेव्हाच दिसतो.
४. गळा आणि पोट.

जी जागा मिळाली नाही ती वहीत शब्दांत लिहा: "कंबर दिसली, लाल. फोटो नाही." आकारही तुलनेने लिहा: चिमणीएवढा, साळुंकीहून मोठा, पारव्याएवढा. फोटोत आकार कळत नाही, आणि घरी आल्यावर आठवण आपल्याला हवी तशी वाकते.

हे किती महत्त्वाचं असू शकतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नामशेष मानल्या गेलेल्या आयव्हरी-बिल्ड वुडपेकरचा म्हणून अर्कान्सासमध्ये २००४ साली काही सेकंदांचा अस्पष्ट व्हिडिओ टिपला गेला. २००५ मध्ये पक्षी पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो सगळा एका प्रश्नाभोवती फिरतो: चित्रात दिसणारं पांढरं पंखाच्या वरच्या बाजूचं की खालच्या? वरचं असेल तर तो पक्षी, खालचं असेल तर सर्रास दिसणारा पायलिएटेड वुडपेकर.

८. सोनेरी पाठीचं कोडं

आता मुख्य गुंता. सोनेरी पाठ आणि लाल तुरा एवढ्यावर "सोनपाठी" असं लिहून मोकळं होणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. आपल्या भागात तीन जाती या वर्णनात बसतात, आणि दक्षिणेकडे गेलात तर चौथीही.

सोनपाठी सुतार, पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर. गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके-रेषा. कंबर काळी. खांद्याजवळचा पंखाचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. नराचा पूर्ण माथा आणि तुरा लाल. मादीच्या कपाळाकडचा भाग काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि फक्त मागचा तुरा लाल. गावात, शेतात, शहरात दिसणारा बहुधा हाच.

मोठा सोनपाठी, ग्रेटर फ्लेमबॅक. सुमारे ३३ सेंटिमीटर, पारव्याएवढा. दाट रानातला. कंबर लाल. डोळा फिकट पिवळसर. चोच लांब आणि दणकट. सर्वांत खात्रीची खूण मिशीची: चोचीपासून निघणारी काळी रेषा दुभंगते आणि मध्ये पांढरं बेट राहतं. मादीच्या डोक्यावर लाल अजिबात नसतं, काळ्या माथ्यावर पांढरे गोल ठिपके असतात. सह्याद्रीतल्या या पक्ष्याला काही याद्या मलबार फ्लेमबॅक या नावाने वेगळी जात मानतात. ॲपमध्ये दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका, तुमच्या ॲपने जी यादी धरली आहे तिच्याप्रमाणे नोंद करा.

पांढऱ्या मानेचा सुतार, व्हाइट-नेप्ड. पानझडी, विरळ रानात. मागून बघितला तर मान आणि पाठीचा वरचा भाग पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना काळ्या कडा आणि त्यांचा इंग्रजी व्हीसारखा आकार. कंबर काळी. इथेच सापळा आहे: "काळी कंबर म्हणजे सोनपाठी" असा नियम पाठ केलेला माणूस या पक्ष्यापाशी चुकतो. दुसरा सापळा मादीचा. तिचा माथा आणि तुरा पिवळा असतो. नवखे तिला हमखास वेगळीच जात समजतात.

सामान्य फ्लेमबॅक, कॉमन फ्लेमबॅक, दक्षिणेच्या घाटांत, कर्नाटक-केरळच्या बाजूला. कंबर लाल, म्हणून मोठ्या सोनपाठीशी गल्लत. पण याची मिशी एकसंध असते, दुभंगत नाही, आणि डोळा गडद असतो. पायाला तीनच बोटं असतात, स्पष्ट फोटोत मोजता येतात. मादीच्या काळ्या माथ्यावर गोल ठिपक्यांऐवजी बारीक पांढऱ्या रेघा असतात.

क्रम असा ठेवा. आधी मानेची मागची बाजू: पांढरा रंग पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरला असेल तर तो पांढऱ्या मानेचा, प्रश्न तिथेच संपला; नुसती मान मोठ्या सोनपाठीचीही पांढरी असते. नसेल तर गळा: काळा असेल तर सोनपाठी. गळा पांढरा आणि त्यावर काळ्या रेषा असतील तर मिशी बघा: दुभंगलेली की एकसंध. कंबर शेवटी, पुरावा पक्का करायला. लाल रंगावरून सुरुवात करू नका. लाल जवळजवळ सगळ्यांकडे असतो, आणि तो जातीपेक्षा नर-मादीविषयी जास्त बोलतो.

९. बाकीचे सुतार, थोडक्यात

मराठा सुतार, यलो-क्राउन्ड: अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ आणि माथा पिवळसर, पोटाच्या खालच्या भागात लाल डाग. नराच्या मानेवर लाल, मादीच्या नाही. गळा-छातीवर तपकिरी रेघा. विरळ झाडीत, बाभळीवरही.

पिटुकला तपकिरी डोक्याचा सुतार: चिमणीपेक्षाही किंचित लहान, सुमारे १३ सेंटिमीटर. वरच्या बारीक फांद्यांवर. नराच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना लाल रेघ असते, पण ती इतकी बारीक की फोटोत न दिसणं म्हणजे मादी असं धरू नका.

तांबूस सुतार: सगळा पक्षी विटकरी, त्यावर काळ्या आडव्या रेघा, चोच आखूड आणि काळी. नराच्या डोळ्याखाली लाल डाग. झाडावर टांगलेल्या काळ्या मुंग्यांच्या गोळ्यासारख्या घरट्यांवर नजर ठेवा. क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांचं हे घरटं तो खाण्यासाठी फोडतो आणि त्यातच स्वतःची अंडीही घालतो. मुंग्यांच्या घरट्यातल्या चिकट द्रव्याने त्याची पिसं माखतात. तो काळसर रंग जातीची खूण समजू नका.

हृदयांकित सुतार: लहान, शेपटी इतकी आखूड की पक्षी अर्धवट वाटावा, आणि त्यावर मोठा तुरा. पंखावर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. मादीचं कपाळ पांढुरकं, नराचं काळं. सतत हलतो, म्हणून शटर जलद ठेवा.

हिरवे दोन. पिवळ्या तुऱ्याचा, लेसर यलोनेप, मागून पाहिला की पिवळा तुरा उठून दिसतो. दुसरा रेषांकित गळ्याचा, स्ट्रीक-थ्रोटेड: गळ्यावर रेघा, पोटावर खवल्यांसारखी नक्षी, कंबर पिवळसर. याला झाडावर शोधत बसू नका, तो बराच वेळ जमिनीवर मुंग्या-वाळवी खात असतो. पायवाटेवरून हिरवं काहीतरी भर्रकन उठून खोडाला चिकटलं तर तोच.

पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार: डोमकावळ्याएवढा, काळा, पोट पांढरं. नराचा माथा आणि गाल लाल, मादीचा फक्त मागचा माथा. याला ओळखायला चार फोटो लागत नाहीत.

१०. ढोलीपाशी

ढोली सापडली की मोह होतो, कारण पक्षी तिथे परत येणारच असतो. इथे मी ठाम आहे: नवख्याने ढोलीवर फोटो काढू नये. पालक चारा घेऊन जवळच्या फांदीवर घुटमळत असेल, आत जात नसेल, तर अडथळा तुम्ही आहात. ती खूण दिसताच मागे फिरा. फ्लॅश नको, ढोलीसमोरची फांदी वाकवणं-तोडणं नको. त्या फांदीमागे ढोली झाकलेली असते; ती गेली की शिकारी पक्षी-प्राण्यांना वाट मोकळी होते.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. "मी फक्त फोटो काढत होतो" ही सबब तिथे चालत नाही.

ढोलीचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतलं जीपीएस काढून टाका. आणि जुनी ढोली रिकामी दिसली तरी काठी घालून पाहू नका. सुतार सोडून गेलेल्या ढोलीत पोपट, पिंगळा, दयाळ घरं करतात.

११. घरी आल्यावर

आधी वही, मग संगणक. वहीतल्या खुणांवरून नाव ठरवा आणि नंतर फोटोशी ताडून बघा. उलट क्रमाने केलंत तर फोटोत जे सोयीचं तेच दिसतं.

ओळख ठरेपर्यंत रंगांची तीव्रता वाढवू नका. सोनेरी पाठ नारिंगी होते, हिरवा पिवळा होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो धारदार करणारी साधनं तर या टप्प्यावर लांबच ठेवा, कारण ती नसलेली पिसं आणि रेषा तयार करतात. दुभंगलेली मिशी त्यात एकसंध होऊ शकते. मूळ फाइल जपून ठेवा.

ईबर्डवर नोंद करताना धूसर असला तरी खूण दाखवणारा फोटो जोडा. खुणा टिपणीत लिहा, नर की मादी ते लिहा, ड्रमिंग ऐकलं असेल तर तेही. जात ठरली नाही तर जबरदस्तीने नाव देऊ नका. "फ्लेमबॅक, जात अनिश्चित" अशी नोंद करण्याची सोय असते आणि ती पूर्णपणे प्रामाणिक नोंद आहे. दुसऱ्याचं मत हवं असेल तर चारही फोटो एकत्र पाठवा, सोबत ठिकाणाचा जिल्हा, रानाचा प्रकार आणि तारीख द्या. मग "हा कोणता सुतार?" याचं उत्तर सहसा पाच मिनिटांत येतं.